मुळी, राळ आणि ‘उपयोग’ नावाचा रकाना

वनस्पतींच्या लोकउपयोगांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि अजूनही लिहिले जाते. जिल्ह्याजिल्ह्यातील वनस्पतींवरचे प्रबंध, वनौषधींची छोटी पुस्तके, मासिकांतील सदरे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातील तक्ते या सर्वांची मांडणी बहुधा ठरलेली असते. पहिल्या रकान्यात झाडाचे स्थानिक नाव, दुसऱ्यात शास्त्रीय नाव, तिसऱ्यात मूळ, साल, पान, डिंक यांपैकी कोणता भाग वापरतात ते, आणि चौथ्यात ‘उपयोग’. पहिल्या तीन रकान्यांबद्दल आमची फारशी तक्रार नाही. या लेखात आम्हाला तपासायचा आहे तो चौथा रकाना. ‘ताप, खोकला, विंचूदंश, दृष्ट, बाहेरची बाधा’ असे शब्द तेथे स्वल्पविराम देऊन एका ओळीत बसवलेले असतात. या साऱ्या गोष्टी खरोखरच एका जातीच्या आहेत काय, हा आमचा प्रश्न आहे.

धरणगावसारख्या खानदेशातील गावी हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. तापीपलीकडे सातपुडा आहे. तेथली मुळी, साल आणि डिंक इकडच्या बाजारांत येतात. जडीबुटी विकणाऱ्याच्या फडक्यावर आघाड्याची मुळे, बिब्बे, सालईचा डिंक, ऊद, वावडिंग शेजारी शेजारी मांडलेले असतात. यातले काही पोटात घ्यायचे, काही उगाळून लावायचे, काही निखाऱ्यावर टाकायचे, काही दंडाला बांधायचे आणि काही दाराला टांगायचे असते. विकणारा आणि घेणारा यांना हा फरक नीट ठाऊक असतो. तो पुसला जातो तो लिहिताना.

सरकारी नोंदी आणि शाळामास्तर

या लिखाणाची सुरुवात कशी झाली ते थोडे पाहू. धरणगावाशी त्याचा दूरचा संबंध आहे. १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली आणि तिचा तळ धरणगावी होता. डोंगरातल्या लोकांवर राज्य करायचे तर त्यांच्या चालीरीती माहीत हव्यात, या गरजेतून नोंदी वाढत गेल्या. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील बारावा खंड निघाला. या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल. लोकांच्या समजुती गोळा करता करता कॅम्पबेल यांनी एक सिद्धांतही मांडला. १८८५ साली मुंबईत छापलेल्या आपल्या टिपणांत त्यांनी हळद, मीठ, लोखंड, धूप, राख अशा शेकडो वस्तूंची जंत्री दिली आणि त्या सर्वांच्या मागे एकच कल्पना असल्याचे सांगितले: या वस्तू भुताखेतांना पळवून लावतात असे लोक मानतात.

त्यानंतरचे मोठे काम शिक्षकांच्या हातून झाले, आणि आमच्या वाचकांनी ते मुद्दाम लक्षात घ्यावे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचे नाव आपण इतिहासाच्या तासाला घेतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या नाट्यगृहात ज्यांना गोळ्या घातल्या तेच हे जॅक्सन. त्यांना लोकविद्येचा नाद होता. त्यांनी एक प्रश्नावली तयार करून गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवली होती आणि मास्तरांनी उत्तरे लिहून पाठवली होती. जॅक्सन यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन या अधिकाऱ्याने ही सामग्री लावून छापली. गुजरातचा खंड १९१४ साली आणि कोकणचा १९१५ साली निघाला. खानदेश त्या दोन खंडांत नाही. जळगाव जिल्ह्याच्या लोकवनस्पतिशास्त्रावर शुभांगी पवार आणि डी. ए. पाटील यांचे स्वतंत्र इंग्रजी पुस्तक यायला २००८ साल उजाडले.

कोकणचा खंड आजही वाचण्यासारखा आहे. त्याचा पहिला गुण म्हणजे प्रत्येक माहितीला गावाचा पत्ता आहे. दुसरा गुण म्हणजे मास्तरांनी लोकांची थट्टा केलेली नाही; जे ऐकले ते सरळ लिहिले. शंभर वर्षांपूर्वी शाळेचे काम सांभाळून, दिव्याच्या उजेडात ही उत्तरे लिहिणाऱ्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. पण उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. पानाखालच्या टिपांत ‘शाळामास्तर, अमुक गाव’ एवढेच छापलेले आढळते. मास्तरांचे नाव नाही, आणि मास्तरांना ज्या सुइणीने, गुराख्याने किंवा भगताने माहिती सांगितली त्याचे तर नाहीच. झाडाची ओळख पुढे कोणाला पडताळता येईल अशी वाळवलेली फांदी जपलेली नाही. प्रकरणांची नावे रोगदेवता, दृष्ट, वृक्ष व नागपूजा, चेटूक अशी आहेत. म्हणजे रोगाविषयीचा प्रश्नच देवतेच्या मार्गाने विचारला गेला. प्रश्न तसा असेल तर उत्तरही तसेच येणार.

सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. ‘लोक काय करतात?’ हे मास्तरांना विचारले गेले. ‘केल्यावर काय झाले?’ हे कोणी विचारले नाही. ही उणीव १९१५ सालच्या पुस्तकापुरती राहिली असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण आज जे तक्ते तयार होतात, त्यांच्या चौथ्या रकान्यातही तीच उणीव जशीच्या तशी उतरलेली आहे.

तीन निरनिराळी विधाने

‘उपयोग’ या एका शब्दाखाली निदान तीन प्रकारची विधाने येतात.

पहिला प्रकार शरीराविषयीचा. ‘अमुक मुळी उगाळून लावली की विंचवाची कळ थांबते’, ‘अमुक काढ्याने ताप उतरतो’ ही विधाने खरी असतील किंवा खोटी असतील, पण ती तपासता येतात. दुखणे कमी झाले की नाही, किती वेळात झाले, किती जणांचे झाले, हे मोजता येते.

दुसरा प्रकार खुणेचा. बिब्बा हे याचे चांगले उदाहरण आहे. लिंबू, मिरच्या आणि बिब्बा दाराला टांगतात, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून बिब्ब्याचा ठिपका देतात. हाच बिब्बा परीट कपड्यांवर खुणा करायला वापरत, कारण त्याचा काळा रस धुतल्याने जात नाही. हाच बिब्बा वैद्य शोधन करून औषधात वापरतात. आणि त्याची गोडांबी आपण आवडीने खातो. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले तर फोड येतात. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या कातडीवर, कपड्याची परिटाची खूण जेथे टेकत होती नेमक्या तेथेच चट्टे उठू लागले, आणि १९४३ साली डॉक्टरांनी त्याचे कारण बिब्बा असल्याचे नोंदवले. एखाद्याच्या कामात ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार मराठीत आहेच. काळा, न पुसला जाणारा, पोळणारा पदार्थ वाईट नजरेला अडवील असे वाटण्यात एक अर्थसंगती आहे. परंतु दाराच्या बिब्ब्याबद्दल ‘किती मिलिग्रॅम?’ असे विचारण्यात हशील नाही. तेथे विचारायचे ते हे की या घराला भीती कशाची वाटते, आणि ही खूण कोणाला उद्देशून आहे.

तिसरा प्रकार आरोपाचा. सातपुड्याच्या पट्ट्यात एखादे मूल दगावले, गुरे मेली की भगताकडे जातात. भगत कौल पाहतो, मुळी देतो, उतारा सांगतो. आणि कधी कधी एका बाईकडे बोट दाखवतो. ती बाई डाकीण ठरते. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते, जीवही जातो. मुळी तीच, भगत तोच. पण येथे विधान ना औषधाचे असते ना खुणेचे. ते एका जिवंत माणसावरचे आरोपपत्र असते. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखादी व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिला छळणे हा गुन्हा ठरवला आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हेही त्याच अनुसूचीत आहे. तावीज, मंत्र, कवच यांनी रोग बरे होतात अशा जाहिरातींना तर १९५४ सालच्या केंद्रीय कायद्यानेच मनाई केली आहे.

या तिन्ही प्रकारांना एकाच रकान्यात स्वल्पविरामाने जोडणे म्हणजे तटस्थपणा नव्हे. असा तक्ता पाहणाऱ्या आठवीच्या मुलाला ‘दृष्ट’ हा खोकल्यासारखाच एक आजार आहे असे वाटते, किंवा खोकल्यावरचा काढा हीदेखील दृष्ट काढण्यासारखीच गोष्ट आहे असे वाटते. दोन्हीही चूक.

विंचू कोणी उतरवला?

पहिल्या प्रकारच्या विधानांचे काय करायचे ते विंचवाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. विंचू चावल्यावर आघाड्याचे मूळ उगाळून लावणे किंवा ते दंशाच्या जागेवरून फिरवणे हा उपाय महाराष्ट्रभर माहीत आहे. ‘विंचू उतरवणारा’ माणूसही गावोगाव असे. त्याच्यावर लोकांचा विश्वास होता आणि त्यात लोकांचा मूर्खपणा नव्हता. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी माणसे बरी झालेली पाहिली होती.

समजा, एका परिसरात वर्षभरात १०० जणांना विंचू चावला. त्यांपैकी ५० जणांना मुळी लावली. ४७ जणांची कळ काही तासांत ओसरली, ३ जण गंभीर झाले. आता मुळी लावणाऱ्याच्या हिशेबी ४७ यश जमा झाले. पण उरलेल्या ५० जणांना काहीच केले नाही आणि त्यांतलेही ४७ जण आपोआप बरे झाले, ३ गंभीर झाले, तर मुळीचे श्रेय किती? शून्य. (हे आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत.) फळ्यावर चार घरांची चौकट काढा: मुळी लावली आणि बरा झाला, मुळी लावली आणि बरा झाला नाही, लावली नाही आणि बरा झाला, लावली नाही आणि बरा झाला नाही. आपल्या साऱ्या लोकउपयोगांच्या याद्या या चौकटीतल्या फक्त पहिल्या घरातून भरलेल्या असतात. बाकीची तीन घरे कोणी विचारलेलीच नसतात.

ही तीन घरे भरण्याचे काम कोकणात एका डॉक्टरने केले. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, त्यांच्यापुढे मरत होती. बहुतेक विंचूदंशांत कळ येते आणि ओसरते. पण लाल विंचवाच्या दंशात काही जणांना दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि पुढे हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरते. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून कोणते लक्षण केव्हा दिसते ते तासातासाने नोंदवले. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी धोक्याची पूर्वचिन्हे मांडली, आणि १९८६ साली त्याच ठिकाणी प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या गोळीचा अनुभव प्रसिद्ध केला. विषामुळे शरीरात जे रासायनिक वादळ उठते त्याचा रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम ही गोळी रोखते. गंभीर रोग्यांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. पुढे त्यांनी प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिले तर अधिक लवकर बरे वाटते काय, हे ७० रोग्यांचे दोन गट करून तपासले आणि २०११ साली तो निष्कर्ष छापला: दोन्ही एकत्र दिल्याने रोगी अधिक लवकर सावरतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचू उतरवणारा आणि बावस्कर यांच्यातला फरक मुळी आणि गोळी यांच्यातला नाही. एकाने यशच लक्षात ठेवले. दुसऱ्याने अपयशापासून मोजायला सुरुवात केली. प्राझोसिनऐवजी एखादी मुळी त्या कसोटीला उतरली असती तर तीही औषध ठरली असती.

एकाच झाडाचे दोन दावे

मुळी कसोटीला उतरल्याचे उदाहरणही आपल्याच मुंबईतले आहे. सर्पगंधेचे मूळ सापाच्या विषावर आणि वेडावर अशा दोन्हींसाठी पिढ्यानपिढ्या वापरले जात होते. कोणत्याही जुन्या यादीत हे दोन्ही उपयोग शेजारी शेजारी सापडतील. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाने मानसिक क्षोभ आणि रक्तदाब कमी होतो असे लिहिले. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांवरचा अनुभव ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी त्यातून रेसर्पिन वेगळे काढले. मनोविकारांवरील पहिल्या आधुनिक औषधांत त्याची गणना होते. पुढे दुष्परिणामांमुळे त्याचा वापर घटला, तोही मोजमाप करूनच.

आणि सापाच्या विषाचे काय? तो दावा टिकला नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर प्रतिविष हाच उतारा आहे. मुळीला जे यश येते ते बिनविषारी सापांचे, किंवा विषारी सापाने चावूनही विष न सोडल्याचे असते. या गफलतीची किंमत मोठी आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सरासरी दर वर्षी ५८ हजार माणसे मेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दिला. हे मृत्यू मुख्यतः खेड्यांतले आहेत आणि दवाखान्यात पोचायला झालेला उशीर हे त्यांचे एक मोठे कारण आहे. मुळी शोधण्यात गेलेला एक तास हा त्या उशिराचाच भाग असतो.

तेव्हा एकाच मुळाचा एक दावा खरा आणि दुसरा खोटा निघाला. चौथ्या रकान्याकडे कितीही वेळ पाहत बसलो तरी कोणता खरा हे त्यातून कळले नसते.

रीत गाळली तर

याद्यांची दुसरी खोड म्हणजे रीत गाळणे. कळलावीचे उदाहरण घेऊ. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारा हा वेल. प्रसूतीच्या कळा लावणारी म्हणून कळलावी हे नाव. अडलेल्या बाळंतिणीसाठी तिचा कंद वापरण्याची जुनी चाल आहे, पण ती बाहेरून: बांधायचा किंवा लेप द्यायचा. या कंदात कोल्चिसीन हे जहाल विष असते आणि तो पोटात गेला तर माणूस मरू शकतो. आता एखाद्या तक्त्यात ‘कळलावी – कंद – सुलभ प्रसूतीसाठी’ एवढेच लिहिले असेल, तर तो तक्ता निव्वळ अपुरा आहे असे म्हणून भागणार नाही. तो धोकादायक आहे. ज्याला आपण ‘जादू’ म्हणून वगळले, ते बांधण्याचे बंधनच येथे जीव वाचवत होते.

उलट बाजूने, रीत नीट लिहिली तर काय होते याचे उदाहरण चीनमध्ये आहे. हिवतापावर आपल्या दवण्याच्या प्रजातीतील एक झुडूप वापरावे, असे चौथ्या शतकातल्या गे होंग याने लिहून ठेवले होते. त्याने पुढे असेही लिहिले होते की ते पाण्यात भिजवून पिळावे आणि रस प्यावा. तू यूयू या संशोधिकेला काढा उकळून यश येत नव्हते. ‘पिळावे’ या शब्दावरून त्यांना सुचले की उष्णतेने औषध नष्ट होत असावे. त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि १९७१ साली तो हिवतापाच्या जंतूंवर लागू पडला. आर्टेमिसिनीन या नावाने आज सारे जग ते औषध ओळखते. त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सोळाशे वर्षे एक क्रियापद जपले गेले होते म्हणून हे घडले.

एका किल्लीने सगळी कुलपे

कॅम्पबेल यांचा दोष असा की त्यांनी सगळी कुलपे एकाच किल्लीने उघडू पाहिली. हळद असो, लोखंड असो, धूप असो, उत्तर एकच: भूत पळवणे. आजच्या अनेक लेखांत आणि मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात दुसरी एक किल्ली सापडते: ‘यामागे शास्त्रीय कारण आहे’. दाराच्या लिंबातून क जीवनसत्त्वाची वाफ घरात पसरते, असे गंभीरपणे सांगितले जाते. क जीवनसत्त्व असे हवेत उडून जात नाही, हे नववीच्या मुलालाही दाखवून देता येईल. मग ते सांगायचे कशासाठी? कारण खूण ही खूण म्हणून मान्य करायचा संकोच वाटतो आणि तिला औषधाचा अंगरखा चढवला की बरे वाटते.

धुपाचेही तसेच. सातपुड्यातील सालईचा डिंक धुपासाठी जाळतात. याच प्रजातीच्या डिंकातील एक घटक उंदरांची भीती कमी करतो असे २००८ साली प्रसिद्ध झाले. लगेच ‘धूप जाळल्याने मन शांत होते हे सिद्ध झाले’ असा मजकूर फिरू लागला. त्या प्रयोगात शुद्ध केलेला घटक उंदरांना टोचून दिला होता. देवघरातला धूर हुंगवला नव्हता. बाळंतिणीच्या कोंदट खोलीत दिलेल्या धुरीचा तर वेगळाच हिशेब मांडावा लागेल. धुरातले सूक्ष्म कण नवजात बाळाच्या फुप्फुसांना अपाय करतात, मग तो धूर उदाचा असो, वावडिंगाचा असो की चुलीचा. धुपाचा वास माणसाला प्रसन्न करतो, सणाची आठवण देतो, हे खरेच आहे. त्यासाठी उंदरांची साक्ष काढण्याची गरज नाही.

भूत पळवण्याची किल्ली लोकांना भोळे ठरवते. शास्त्रीय कारणाची किल्ली त्यांना लपलेले शास्त्रज्ञ ठरवते. दोन्हीत लोक स्वतः काय म्हणतात ते ऐकलेच जात नाही.

यादी टाकून द्यायची नाही

याचा अर्थ याद्या निरुपयोगी आहेत असा कोणी घेऊ नये. हळदीने जखम भरते या ‘शोधा’वर १९९५ साली अमेरिकेत एकस्व दिले गेले होते. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हान देऊन १९९७ साली रद्द करून घेतले, ते छापील पुराव्यांच्या जोरावर. आजीला ठाऊक होते एवढे सांगून ते झाले नसते. लिहिलेले दाखवावे लागले. २००२ सालच्या जैविक विविधता कायद्यानुसार आता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या क्षेत्रासाठी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. या कामात शाळांची आणि शिक्षकांची मदत घेतली जाते. म्हणजे जॅक्सन यांच्या प्रश्नावलीनंतर शंभर वर्षांनी शाळामास्तरांपुढे पुन्हा तोच कागद आला आहे. यावेळी तो अधिक चांगला भरता येईल.

त्यासाठी चौथा रकाना मोडून त्याचे काही रकाने करावेत, अशी आमची सूचना आहे. झाड कोणी ओळखले आणि त्याची दाबून वाळवलेली फांदी शाळेत ठेवली आहे काय? कोणता भाग, कोणत्या ऋतूत घेतलेला? पोटात, अंगावर, धुरात, बांधायला की टांगायला? दावा शरीराविषयीचा आहे, खुणेचा आहे, की कोणावर बोट ठेवणारा आहे? त्याबरोबर आणखी काय केले: दवाखाना, पथ्य, नवस? किती जणांना दिले, त्यांतल्या किती जणांना गुण आला नाही, आणि न देताच बरे झालेले किती माहीत आहेत? सांगणाऱ्याचे नाव लिहायला त्याची परवानगी आहे काय? या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर नाव अवश्य लिहावे. ज्ञान त्याचे आहे. तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे आरोपाच्या नोंदीत मात्र ज्या बाईवर आळ आला तिचे नाव कधीही लिहू नये. तेथे वहीचे काम संपते आणि गावातल्या जाणत्या माणसांचे व पोलिसांचे सुरू होते.

दोन पथ्ये शिक्षकांनी कटाक्षाने पाळावीत. मुलांनी काहीही चाखायचे नाही. धोतरा, कण्हेर, गुंज, कळलावी, बिब्बा यांना हातही न लावता मोठ्यांकडून माहिती घ्यायची. आणि वहीत काहीही लिहिलेले असो, साप चावला किंवा विंचवाच्या दंशानंतर घाम, उलट्या सुरू झाल्या तर आधी दवाखाना. नोंद दुसऱ्या दिवशी करता येते.

कोकणच्या खंडातील ‘शाळामास्तर, अमुक गाव’ ही टीप वाचताना वाटते, की त्या मास्तरांना एक प्रश्न जास्त विचारला गेला असता तर किती बरे झाले असते. गावातला विंचू कोण उतरवतो हे त्यांना माहीत होते. कोणाच्या घरचे मूल उतरवूनही गेले हेही त्यांना माहीत असणार; ते मूल त्यांच्याच शाळेत येत असेल. ते लिहायला प्रश्नावलीत जागा नव्हती. आपल्या वहीत ती ठेवावी.